तुम्ही पुढं व्हा

आपण नागपूरकर तर्री पोहे खातो ते ठेल्याशी उभं राहून, चार जणांच्या गप्पांत. परदेशवारीही तशीच होते: ग्रुप टूर, बॅगेत चिवड्याचे डबे आणि घड्याळाला बांधलेलं जेवण. मला मात्र त्या वारीतली एखादी मोकळी, एकटीची सकाळ सगळ्यांत मोलाची वाटते. इस्तंबूलमध्ये न्याहारीला बसलं की टेबल लहान लहान बशांनी भरून जातं. पांढरं चीज, ऑलिव्ह, काकडी-टोमॅटो, मध आणि कायमाक, म्हणजे दाट साय. बिनदुधाचा चहा कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यातून येतो, संपला की पुन्हा येतो. ‘तुर्कनामा’ हे तुर्कस्तानचं प्रवासवर्णन लिहिणाऱ्या मीना प्रभू कितीतरी देश एकट्यानं हिंडल्या. त्या हिमतीचं मला फार अप्रूप आहे. आपल्याकडं मात्र घरोघरी बाई सगळ्यांना गरम वाढते आणि स्वतः शेवटी, गार झालेलं जेवते. तिनं एकदा तरी सायीवर मध ओतून, पैशांचा हिशेब न करता, सावकाश खावं. सोबतच्यांना खुशाल सांगावं, ‘तुम्ही पुढं व्हा, मी येते दुपारी.’