दुसऱ्याच्या शेतातली दया

एखाद्या प्राण्याचा उपयोग काय, असा प्रश्न आपण फार सहजपणे विचारतो. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, मांजर उंदीर मारते. मग गव्याचा उपयोग काय? आमच्या सीमाभागात हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. राधानगरी, आजरा, चंदगड, खानापूर या पट्ट्यात गवा आता रानातून उसाच्या फडापर्यंत येऊन ठेपला आहे.

प्रथम नावाचे पाहू. साहेबाने त्याला ‘बायसन’ म्हटले आणि आपणही म्हणू लागलो. वस्तुतः खरे बायसन अमेरिकेतले आणि युरोपातले. गवा हा आपल्या गाईबैलांच्याच कुळातला. गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखा दिसणारा, थोराड नर असला तर हजार किलोच्या घरात जाणारा. कन्नडात त्याला ‘काडुकोण’ म्हणतात. तिथे कोण म्हणजे रेडा. पण मराठी कानाला त्यात एक प्रश्न ऐकू येतो, आणि तो अगदीच गैरलागू नाही.

रानाला गवा काय देतो, हे सांगता येते. गवत, बांबूचे कोंब, झाडपाला खाऊन तो रान मोकळे ठेवतो. त्याच्या शेणाने माती पोसते, शेणातून बियाही दूरवर जातात. वाघाचे ते मोठे भक्ष्य. शाळेत आम्ही हे शिकवतो आणि मुले परीक्षेत लिहितात. परंतु उपयोगाच्या या हिशेबावर माझा फारसा विश्वास नाही, आणि त्याला कारण खुद्द अमेरिकेतला तो खरा बायसनच आहे.

तिथल्या गवताळ मैदानांत एके काळी काही कोटी बायसन होते. लाकोटा आणि त्यांच्यासारख्या इतर जमातींचे अन्न, तंबूचे कातडे, पांघरूण, हाडांची हत्यारे, इतकेच नव्हे तर त्यांचा धर्मही या प्राण्याभोवती उभा होता. मग रेल्वे आली, कारखान्यांच्या पट्ट्यांना कातडे हवे झाले. बायसन संपला की मूळ रहिवासी आपोआप शरण येतील, हाही विचार कित्येक लष्करी अधिकाऱ्यांच्या मनात होता. १८८० च्या दशकाच्या अखेरीस जेमतेम हजारभर बायसन उरले. नंतर मैदानात पडलेली हाडेसुद्धा गोळा करून खतासाठी विकली गेली. म्हणजे तो निरुपयोगी होता म्हणून संपला नाही. फार उपयोगी होता म्हणून संपला. २०१६ साली त्याच देशाने त्याला राष्ट्रीय सस्तन प्राणी म्हणून घोषित केले. मान मिळाला खरा, पण केवढ्या उशिरा!

म्हणून गवा जगावा, तो कशाला उपयोगी पडो वा न पडो, असे मी एकदा नववीच्या वर्गात म्हणालो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, तुमच्या घरात गवा येत न्हाई.” वर्ग हसला. त्या मुलाचे वडील महिनोन्‌महिने शेतातल्या माळ्यावर रात्री जागतात, डबे वाजवतात, फटाके उडवतात. एक कळप एका रात्रीत उभ्या पिकाची काय दशा करतो, हे त्याने पाहिलेले, मी ऐकलेले.

त्याचे बोलणे मला खोडता येत नाही. पण त्याने गव्याचा जगण्याचा हक्कही खोडला जात नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण सुशिक्षित मंडळी ते एकात मिसळतो, कारण त्यात आपली सोय आहे. गवा जगावा हे ठरवले आपण सर्वांनी. १९७२ च्या कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत घातले, गोव्याने त्याला राज्यप्राणी केले, दाजीपूरला तर १९५८ पासून अभयारण्य आहे. किंमत मात्र रानाकडेचा शेतकरी भरतो. दुसऱ्याच्या शेतातून केलेल्या दयेला दया म्हणावे काय? देवळात दुसऱ्याच्या खिशातून दक्षिणा टाकणाऱ्याला आपण दानशूर म्हणत नाही.

आणि शहरातल्या प्रेमाचीही गंमत पाहा. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरुडात एक गवा चुकून आला. माणसांची झुंबड उडाली. पळून पळून थकलेले ते जनावर पकडल्यानंतर मेले. शहर हळहळले, ते खोटे नव्हते. पण आपल्या दारात आलेला एकच गवा आपल्याला काही तासही सोसवला नाही.

नुकसानभरपाईची तरतूद आहे. पंचनामा होतो, कागद जातो. भीमगडच्या रानातून म्हादईच्या रानात जाणाऱ्या गव्याला सीमाप्रश्न ठाऊक नसतो. नुकसान मात्र राज्य पाहून मोजले जाते. माझ्या मते हा पैसा सरकारी कृपा म्हणून नव्हे, देणे म्हणून चुकता व्हावा. आणि गवे पाहायला जीपमधून फिरणाऱ्यांच्या शुल्कातला वाटा थेट त्या गावांना मिळावा. रानातली कुरणे रानमोडीने गिळली आहेत, ती पुन्हा मोकळी करण्याचे कामही त्याच गावांच्या हाताला द्यावे. चारा रानात असला तर गवा फडात कशाला येईल?

दिवाळीनंतर गाळप सुरू होईल. फडाला तोड मिळेपर्यंत त्या मुलाच्या घरची राखण चालू राहील, आणि पहिल्या तासाला तो डोळे चोळत बसेल.