सण कोणासाठी?

सण देवासाठी करावा, गावासाठी करावा, की येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कनवटीच्या पैशासाठी करावा? पहिली दोन उत्तरे चांगली व तिसरे वाईट, असे कोणीही चटकन म्हणेल. परंतु दोन डोंगरी गावांची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवणार आहो. ती ऐकल्यावर हे उत्तर इतके सोपे राहील, असे आम्हांस वाटत नाही.

पहिले गाव अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड पर्वताच्या पूर्व उतारावर, वेनाची नदीच्या काठी आहे. त्याचे नाव लेव्हनवर्थ. वस्ती दोन-अडीच हजारांची, म्हणजे आपल्याकडील एखाद्या खेड्याएवढीच. सुमारे १८९२ साली तेथे आगगाडी आली. तिच्यामागून लाकडे कापण्याचा मोठा कारखाना आला आणि घरोघर मजुरीचा पैसा येऊ लागला. पुढे १९२० नंतरच्या दशकात रेल्वे कंपनीने आपला मार्ग बदलून आपले ठाणे दुसऱ्या गावी नेले, व कारखानाही बंद पडला. एका हाताने दिलेली भाकर दुसऱ्या हाताने काढून घ्यावी, तसे झाले. तीस वर्षांहून अधिक काळ ते गाव झिजत राहिले. दुकानांस कुलुपे लागली, तरुण माणसे पोट भरण्यास बाहेर पडली. ज्यांनी गिरण्या बंद पडलेल्या पाहिल्या आहेत, त्यांस ह्याहून अधिक सांगणे नलगे.

१९६२ साली गावकरी एकत्र बसले. त्यांत स्त्रियांच्या मंडळाने मोठा पुढाकार घेतला, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करितो. विश्वविद्यालयाचा सल्ला घेण्यात आला, समित्या नेमण्यात आल्या, आणि काही काळाने एक चमत्कारिक वाटणारा विचार ठरला. आपले डोंगर युरोपातील आल्प्स पर्वतासारखे दिसतात, तर आपले गाव जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातील खेड्यासारखे करावे! सरकारच्या पैशाची वाट न पाहता दुकानदारांनी आपल्याच पदरचे पैसे घालून घरांचे दर्शनी भाग बदलले. नक्षीच्या लाकडी सज्जा, रंगविलेल्या भिंती, उतरती छपरे असा सगळा साज चढला. १९६४ साली शरद ऋतूत झाडांची पाने लाल-पिवळी होतात त्या वेळचा उत्सव सुरू झाला. पुढे वसंतातील उत्सव आला, आणि हिवाळ्यात बर्फावर लक्षावधी दिवे लावण्याची चाल पडली. बीअरचा उत्सवही ह्या गावाने चालविला. त्याविषयी आमचे मत वाचकांस ठाऊकच आहे, म्हणून ते येथे सांगत नाही. आज दरवर्षी लाखो माणसे तेथे येतात, व गावाचे पोट त्यांवरच चालते.

ह्यावर कोणी म्हणेल, हे सगळे सोंग आहे. ज्यांचे पूर्वज बव्हेरियाचे नव्हेत, त्यांनी बव्हेरियाचा सण करावा कसा? ह्यास आमचे उत्तर असे की, आपल्या दारी बहुरूपी येतो, तो शिपायाचा वेष घेऊन दमदाटी करितो, आणि मग हसून हात पुढे करितो. त्यास कोणी लबाड म्हणत नाही, कारण ते सोंग आहे हे त्यालाही ठाऊक असते व आपल्यालाही. लेव्हनवर्थच्या लोकांनी आपला इतिहास कधी लपविला नाही. कारखाना कसा गेला व वेष कसा घेतला, हे ते स्वतःच पाहुण्यांस सांगतात. उपाशी माणसाने उघडपणे केलेले सोंग हे पाप, असे म्हणण्यास आमची जीभ धजत नाही.

आता खुद्द बव्हेरियात जाऊ. तेथे आल्प्सच्या पायथ्याशी ओबरआमरगाउ नावाचे लाकडावर नक्षी कोरणाऱ्यांचे गाव आहे. १६३३ साली तेथे पटकीहूनही भयंकर अशी प्लेगची साथ होती. साथ टळल्यास दर दहा वर्षांनी प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक करू, असा नवस गावाने केला, व १६३४ साली तो प्रथम फेडला. मध्यंतरी काही वेळा खंड पडला, तरी तो नवस अद्याप चालू आहे. २०२० सालचा प्रयोग दुसऱ्याच एका साथीमुळे लांबणीवर पडून २०२२ साली झाला. नाटकात भाग घेण्यास मनुष्य त्या गावी जन्मलेला किंवा वीस वर्षे तेथे राहिलेला असावा लागतो. तेव्हा ह्या सणास उसना कोण म्हणेल? तो खरा, जुना, देवापुढे वचन देऊन केलेला सण आहे.

आणि ह्याच खऱ्या सणाने शेकडो वर्षे काय शिकविले? येशूला मारिले ते यहूद्यांनी, सगळ्या यहूद्यांनी, आणि त्याचा दोष त्यांच्या मुलाबाळांवरही आहे, असे तेथील रंगभूमीवरून पिढ्यान्‌पिढ्या दाखविण्यात येई. येशू स्वतः यहूदी, त्याची आई यहूदी, त्याचे शिष्य यहूदी, हे पाहणाऱ्यांच्या ध्यानातून निघून जाई. १९३४ साली नवसाला तीनशे वर्षे झाली, त्या वर्षी हिटलर ते नाटक पाहण्यास आला, व पुढे त्याने त्याची वाखाणणी केली. त्याच्या राज्यात साठ लक्ष यहूदी मारण्यात आले. ते एका नाटकामुळे मारण्यात आले असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या द्वेषाने ते मेले, त्या द्वेषास भक्तीचा वेष चढविणाऱ्यांत हा सणही होता, हे नाकारिता येत नाही. सोंग म्हणावयाचे तर ह्यालाच म्हणावे.

म्हणून सण खरा की उसना, नवसाचा की पैशाचा, एवढ्यावरून त्याचा निकाल लागत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात सणाविषयी सांगितले आहे ते पाहावे. तेथे आनंद करावयाचा तो कोणी कोणी, ह्याची यादीच दिली आहे. मुलगे व मुली, दास व दासी, लेवी, परका, अनाथ आणि विधवा! गायन कोणते, वेष कोणता, ह्याची तेथे फारशी चौकशी नाही. वेशीच्या आत राहणारे कोणी बाहेर तर उभे नाही ना, ही चौकशी आहे. आपल्याकडील जत्रांच्या पंगतींत कोणास कोठे बसवीत, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस वडिलांच्या तोंडून ठाऊक आहे. आपल्या सुगीच्या सणातील पंगतीसही हेच माप लावावे.

ह्या मापाने पाहता ओबरआमरगाउ सुधारत चालले आहे. लग्न झालेल्या व पस्तिशी उलटलेल्या स्त्रियांस तेथे नाटकात मज्जाव असे. १९९० साली न्यायालयाने तो उठविला. नाटकाचे शब्द पुन्हा पुन्हा बदलण्यात आले. आता रंगभूमीवर येशू व त्याचे लोक इब्री भाषेत प्रार्थना गातात. २०२२ साली यहूदा इस्कार्योताची मोठी भूमिका त्याच गावातील तुर्की वंशाच्या एका मुसलमान तरुणाने केली. एके काळी ख्रिस्ती नसलेल्यास तेथे पायही ठेवू देत नसत.

उलट लेव्हनवर्थचे सण ज्या गावकऱ्यांच्या पोटासाठी सुरू झाले, त्यांचीच पोरेबाळे आज तेथे घर घेऊ शकत नाहीत. पाहुणे वाढले तशा जागांच्या किमती वाढल्या, आणि आसपासची पुष्कळ घरे पाहुण्यांस रात्रीच्या भाड्याने देण्यात येऊ लागली. खाणावळीत भांडी घासणारा व खोल्या झाडणारी ह्यांस दुरून कामावर यावे लागते. त्या गावाच्या चेलान जिल्ह्याने २०२१ साली अशा भाड्याच्या घरांवर नियम घातले. तेव्हा आमचे घर, आमची सत्ता, असे म्हणून कित्येक मालक रागावले. दुसऱ्या बाजूस जे उभे होते ते म्हणाले की, शेजारच्या घरात वर्षभर राहणारा कोणी शेजारी आम्हांस हवा आहे.