धरलेल्याची संमती : ‘पोकेमॉन ब्लॅक’ व ‘व्हाइट’ या खेळांतील एका प्रश्नाविषयी

पशुपक्ष्यांशी माणसाच्या जडणाऱ्या संबंधासाठी मराठीत तीन क्रियापदे सहज हाताशी येतात : धरणे, पाळणे आणि माणसाळणे. पहिल्यात बळ आहे, दुसऱ्यात जबाबदारी आहे. तिसऱ्याचा विशेष असा की त्याचा कर्ता प्राणी आहे. पोपट धरतो माणूस, पाळतोही माणूस. माणसाळतो मात्र पोपट. व्याकरणात होणारी ही कर्त्याची अदलाबदल वाटते तितकी निरागस नाही. पिंजऱ्यात घातलेला पक्षी काही दिवसांनी आपण होऊन हातावर येऊन बसू लागला, म्हणजे धरण्याच्या क्षणी त्याच्यावर झालेली जबरदस्ती मागाहून रद्द होते काय, हा प्रश्न या अदलाबदलीत गुपचूप मिटवून टाकला जातो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका अनपेक्षित ठिकाणी तपासावयाचा आहे. जपानमध्ये निर्माण झालेल्या ‘पोकेमॉन’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेत १८ सप्टेंबर २०१० रोजी ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ ही जोड-संहिता प्रसिद्ध झाली. मालिकेने स्वतःच्या मूलभूत कृतीवर आरोप ठेवावा आणि त्या आरोपाचे निवारणही स्वतःच करावे, असा विलक्षण प्रकार या संहितेत घडला आहे.

समीक्षेच्या पृष्ठांवर व्हिडिओ गेमचा विचार कशासाठी, असे कोणी विचारील. त्यात पात्रे, संवाद, कथानक असते, एवढे उत्तर पुरेसे नाही. तेवढे तर कोणत्याही करमणुकीत असते. कथनाच्या जोडीने तेथे आणखी एक भाषा बोलत असते, ती नियमांची. इयन बोगोस्ट यांनी २००७ च्या ‘पर्सुएझिव्ह गेम्स’ या ग्रंथात मांडले त्याचा आशय असा की खेळ आपले म्हणणे प्रक्रियांतून पटवतो. काय करण्याची मुभा आहे, काय केल्यावाचून पुढे सरकता येत नाही, कशासाठी बक्षीस मिळते, यातूनच त्याचा युक्तिवाद घडत असतो. तेव्हा पात्रे एक सांगत आहेत आणि नियम दुसरेच वदवून घेत आहेत, अशी स्थिती उद्भवली की ती साहित्यसमीक्षेच्या चांगल्याच परिचयाची असते. निवेदकाच्या म्हणण्याला रचनेने दिलेला छेद आपण कादंबरीत नेहमीच शोधत आलो आहोत.

मालिकेची घडण थोडक्यात सांगितली पाहिजे. तिचा पहिला खेळ १९९६ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी निघाला. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद होता. ते वाढले त्या तोक्योनजीकच्या माचिदा परिसरात शेते आणि तळी बुजवून वस्ती वाढत गेली, तसे किडे नाहीसे झाले. तो आनंद पुढच्या मुलांना यंत्रातून तरी मिळावा, ही प्रेरणा ताजिरी यांनी सांगितलेली आहे. दोन यंत्रे जोडणाऱ्या तारेवरून एखादा किडा सरकत पलीकडे जातो आहे, या कल्पनेतून प्राण्यांच्या देवाणघेवाणीची योजना आली. म्हणजे या मालिकेच्या मुळाशी एक हानी आहे. ती भरून काढण्यासाठी जी कृती निवडली गेली ती मात्र पकडण्याची. रानात भेटलेल्या प्राण्याशी आपल्या प्राण्याची झुंज लावावयाची, तो अर्धमेला झाला वा झोपी गेला की चेंडू फेकून त्याला त्यात बंद करावयाचे. प्राण्याची शक्ती जितकी क्षीण, तितकी तो हाती लागण्याची शक्यता अधिक. पहिल्या खेळात असे १५१ प्राणी होते. आज त्यांची संख्या हजाराच्या वर गेली आहे.

याच नियमावलीत १९९९ च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ने एक वेगळा धागा पक्का केला. प्रत्येक प्राण्याला आपल्या धन्याविषयी किती माया वाटते, याचा एक आकडा यंत्र गुपचूप ठेवू लागले. जपानीत या गुणाला ‘नात्सुकि’ म्हणतात. जनावर किंवा लहान मूल एखाद्याला लळा लावून घेते, त्यासाठी योजावयाचा हा शब्द आपल्या ‘माणसाळणे’च्या बराच जवळचा आहे. हा आकडा पुरेसा चढला की काही प्राण्यांचे अधिक बलवान रूपात परिवर्तन होते. माया आहे, पण ती मोजलेली आहे आणि कामी येणारी आहे. वाल्टर बेन्यामिन यांनी १९३१ मध्ये आपल्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहिताना मालकीला माणसाच्या वस्तूंशी असणाऱ्या नात्यांतील सर्वांत जिव्हाळ्याचे नाते मानले होते. ग्रंथांच्या बाबतीत हे मान्य होण्यासारखे आहे, कारण कपाटात राहण्याविषयी ग्रंथाचे स्वतःचे काही मत नसते. पोकेमॉनने मात्र संग्राह्य वस्तूला आवाज दिला, स्वभाव दिला, लळा दिला आणि तरीही यादीतील तिचा क्रमांक कायम ठेवला. ही विसंगती चौदा वर्षे कोणी उच्चारली नव्हती.

ती उच्चारली गेली ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’मध्ये. हा टप्पा अनेक अर्थांनी नवा होता. त्यात १५६ नवे प्राणी आले, आणि मालिकेतील एका टप्प्यात पडलेली ही आजवरची सर्वांत मोठी भर आहे. मुख्य कथा संपेपर्यंत जुना एकही प्राणी रानात भेटत नाही. पूर्वीचे प्रदेश जपानच्या भूगोलावरून बेतलेले होते. युनोव्हा हा प्रदेश न्यूयॉर्क शहर आणि त्याच्या परिसरावरून रचलेला आहे. खेळाडूला जुन्या सवयींपासून तोडून पुन्हा पहिल्यापासून पाहावयास लावण्याचा हा प्रयत्न दिसतो. प्रारंभीच एका गावच्या चौकात ‘टीम प्लाझ्मा’ या संघटनेचा गेचिस नावाचा पुढारी भाषण करतो. माणसे या प्राण्यांना आपले सोबती म्हणवतात, पण प्राण्यांचे म्हणणे कोणी विचारले आहे काय. खरे प्रेम असेल तर त्यांना मुक्त करावे, असा त्याचा सूर. भाषण संपताच एन नावाचा तरुण खेळाडूपुढे येतो. त्याला प्राण्यांची भाषा कळते. पुढे उघड होते की तो या संघटनेचा राजा आहे. तो लहान असल्यापासून माणसांनी छळलेले प्राणीच तेवढे त्याच्या सहवासात आणले गेले होते. कथेच्या अखेरीस त्याची खोली पाहावयास मिळते. खेळण्यांनी भरलेली ती खोली या मालिकेतील अत्यंत अस्वस्थ करणाऱ्या जागांपैकी एक आहे.

बाख्तीन यांनी दोस्तोयेव्हस्कीच्या संदर्भात ज्याला विचारनायक म्हटले, त्या जातीचे हे पात्र आहे. विचार त्याच्यावर चिकटवलेला नाही. तो विचार जगतो. प्रत्येक भेटीत त्याच्याकडे वेगळे, त्या त्या परिसरातील प्राणी असतात, कारण काम झाले की तो त्यांना सोडून देतो. त्याच्याशी वाद घालणारे कोणी समोर असते तर ही संहिता खरोखर बहुस्वर झाली असती. परंतु खेळाचा नायक मुका आहे. क्वचित ‘हो’ किंवा ‘नाही’ निवडण्यापलीकडे त्याला वाणी नाही. प्राण्यांना बोलता येत नाही म्हणून त्यांच्या वतीने एक तरुण विचारतो आहे, आणि ज्याने उत्तर द्यावयाचे तोही बोलत नाही. तो फक्त झुंज लावतो आणि जिंकतो.

आता या आरोपाचे निवारण कसे होते ते पाहू. शेवटी कळते की गेचिसला मुक्ती नकोच होती. सर्वांनी आपापले प्राणी सोडून द्यावेत, म्हणजे शस्त्रसज्ज आपण एकटे राहू, असा त्याचा डाव होता आणि एन हे त्याचे बाहुले होते. मध्यंतरी त्याचे अनुयायी मुन्ना नावाच्या एका निरुपद्रवी प्राण्याला लाथा घालताना दाखवले आहेत, ते याच निष्कर्षाची तयारी म्हणून. प्रश्न विचारणारा लबाड निघाला, सबब प्रश्न निकालात निघाला, असा हा न्याय आहे. तर्कशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही हा दोष म्हणून नोंदलेला असतो. अर्थात तो केवळ मुलांच्या खेळातच आढळतो असे नाही. सुधारणेची मागणी करणाऱ्याचे चारित्र्य तपासून मागणीचा निकाल लावण्याची रीत आपल्या सार्वजनिक चर्चेलाही अपरिचित नाही. एनच्या अनुभवाविषयीही हेच म्हणता येते. त्याला निवडक पुरावा दाखवला गेला, हे खरे. पण त्या प्राण्यांच्या जखमा खऱ्याच होत्या, याचा विसर संहितेला सोयीस्करपणे पडतो.

याहून सूक्ष्म गोष्ट अंतिम प्रसंगात आहे. पुराणकथेतील दोन महासर्प, रेशिराम आणि झेक्रोम, हे अनुक्रमे सत्य आणि आदर्श यांचे प्रतिनिधी. ‘ब्लॅक’मध्ये रेशिराम खेळाडूच्या बाजूला येतो आणि झेक्रोम एनच्या, ‘व्हाइट’मध्ये नेमके उलट. एनची भूमिका मात्र दोन्हींत तीच राहते. एकाच भूमिकेला एका प्रतीत आदर्शाचा आणि दुसरीत सत्याचा शिक्का बसू शकतो, याचा अर्थ या दोन थोर शब्दांचा प्रत्यक्ष वादाशी काही संबंध उरलेला नाही. आणि हा सर्प खेळाडूला धरावाच लागतो. झुंजीत तो कोसळला तर पुन्हा त्याच्यासमोर जावयाचे. चेंडूत बंद केल्यावाचून कथा पुढे सरकतच नाही. प्राणी धरणे अन्याय्य आहे, या आरोपाला उत्तर द्यावयाचे तर आणखी एक प्राणी धरला पाहिजे! त्या क्षणी, या सर्पाला तुझ्याबरोबर यावयाचे आहे, अशी ग्वाही कोण देतो? एनच. प्राण्यांची भाषा त्यालाच कळते, म्हणून त्यांच्या संमतीचा एकमेव साक्षीदार तोच असू शकतो. संहितेने आरोपकर्त्यालाच बचावाचा साक्षीदार करून घेतले आहे. शिवाय ही संमती एका सर्पापुरती आहे. वाटेत धरलेल्या बाकीच्या डझनावारी प्राण्यांविषयी तशी साक्ष कोणी दिलेली नाही.

यावर असे म्हणता येईल की चित्रातल्या प्राण्याला वेदना नसते, मग एवढा काथ्याकूट कशाला? २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘पेटा’ या प्राणिहक्क संघटनेने याच खेळाचे विडंबन काढले. त्यात जखमी प्राणी माणसांविरुद्ध उठतात. त्यावर पुष्कळांनी हेच उत्तर दिले, आणि त्या विडंबनापुरते ते योग्यच आहे. ते ढोबळ होते आणि मूळ संहितेने दोन वर्षे आधी अधिक चांगल्या रीतीने विचारलेला प्रश्न त्याने मोठ्याने ओरडून स्वस्त केला. परंतु प्रस्तुत चर्चेचा विषय प्राण्यांची वेदना नसून खेळाडूला लागणारे वळण आहे. कोणती कृती स्वाभाविक वाटू लागते आणि कोणता शब्द तिच्यावर पांघरूण घालतो, हे पाहावयाचे आहे. शिवाय हे प्राणी म्हणजे निव्वळ नोंदी, असे खेळाडू स्वतःही मानत नाहीत. २०१९ च्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये सर्व जुने प्राणी नेता येणार नाहीत, असे त्या वर्षी जूनमध्ये जाहीर झाले तेव्हा केवढा गदारोळ उठला! वर्षानुवर्षे यंत्रामागून यंत्रात सोबत नेलेल्यांना मागे ठेवावे लागणार, ही तक्रार होती. तिच्यात संग्रह अपुरा राहण्याचा सल किती आणि सोबत्याला अंतर दिल्याची टोचणी किती, हे तक्रार करणाऱ्यांनाही वेगळे करून सांगता आले नसते. मला स्वतःला दुसरा अंश अगदीच खोटा वाटत नाही.

एनचे म्हणणे एखाद्या खेळाडूने खरोखर मानावयाचे ठरवले तर नियम त्याला काय देतात? प्राणी सोडून देण्याची आज्ञा पहिल्या खेळापासून आहे. ती दिली की निरोपाचे एक वाक्य येते आणि प्राणी नाहीसा होतो. तो रानात परतत नाही, कारण रान हा झुंजीपुरता उघडणारा पडदा आहे. त्याची नोंद पुसली जाते. शेवटचा एकुलता प्राणी तर सोडताच येत नाही. एनचा पराभव कथेत फार उशिरा होतो. नियमांत तो आधीच झालेला होता.

एक अपवाद आहे. २०१२ च्या जूनमध्ये जपानमध्ये निघालेल्या ‘ब्लॅक २’ आणि ‘व्हाइट २’मध्ये, आधीच्या खेळातील आठवणींची नोंद जोडून घेतल्यास, एनने पूर्वी सोडून दिलेले प्राणी त्या त्या जागी गवतात भेटतात. सोडल्यानंतरही या मालिकेच्या रानात नांदताना दिसतात ते हेच. आता, दुसऱ्या माणसाच्या ताब्यातील प्राण्यावर चेंडू फेकला तर मालिका पूर्वीपासूनच तो परतवून लावते आणि चोरी करू नये असे बजावते. मालकीचा हक्क नियमांत इतका पक्का आहे. एनच्या या प्राण्यांना मात्र ते संरक्षण नाही. नियमांच्या लेखी ते स्वतंत्र नाहीत, बेवारस आहेत. त्यांच्यावर चेंडू फेकता येतो, आणि धरल्यावर त्यांच्या माहितीच्या पानावर मूळ धनी म्हणून एनचेच नाव लिहिलेले दिसते.