जिंकल्यावरची शंका

चारकोपच्या बागेत सकाळी ज्येष्ठांचा कट्टा भरतो. मध्ये चहाचा थर्मास, पेपरची पानं वाटून घेतलेली. निवडणुकीचा निकाल लागला की कट्ट्याच्या दोन बाजू पडतात. हरलेली बाजू म्हणते, मशीनमध्ये गडबड आहे. जिंकलेली म्हणते, जनतेचा कौल माना. पुढच्या निकालाला वाक्यं तीच राहतात, बोलणारे बदलतात.

2024 सालीच बघा ना. लोकसभेला महाविकास आघाडीने राज्यात 30 जागा जिंकल्या, तेव्हा तिच्या गोटातून मशीनबद्दल फारशी तक्रार आली नाही. नोव्हेंबरात विधानसभा हातची गेली आणि मतपत्रिका परत आणा, अशी मागणी सुरू झाली. भाजपनेही यावरून कुणाला नावं ठेवू नयेत. 2009ची लोकसभा हरल्यावर त्यांच्याच जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी मशीनवर संशय घेणारं पुस्तक लिहिलं होतं. प्रस्तावना लालकृष्ण अडवाणींची.

आमच्या शेजारच्या वायव्य मुंबईत 2024च्या लोकसभेला अमोल कीर्तिकर 48 मतांनी हरले. मशीनमधल्या मतांत ते एका मताने पुढे होते. टपाली मतं, म्हणजे कागदावरची मतं, धरल्यावर रवींद्र वायकर पुढे गेले. हा तपशील माझ्या मनात घोळत राहतो. मशीन की कागद या भांडणात तो कुणाच्याच कामाचा नाही. जे सत्य कुणाच्या कामाचं नसतं, त्याला वाली नसतो.

शंका घेणं वाईट नाही. मतदाराचा तो हक्कच आहे. मला खुपते ती तिची वेळ. शंका पराभवाबरोबर येते आणि विजयाबरोबर निघून जाते.

म्हणून मारकडवाडी आठवते. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावाने डिसेंबर 2024मध्ये मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायचं ठरवलं. पोलीस बंदोबस्त लागला, ते झालं नाही. कायद्यात त्याला जागाही नव्हती. शंका बरोबर की चूक, ते बाजूला ठेवू. पण ती घेणाऱ्यांचे उमेदवार उत्तम जानकर माळशिरसमधून निवडून आलेले होते. गावात पडलेल्या मतांचा आकडा तेवढा गावकऱ्यांना पटत नव्हता. जागा पदरात पडल्यावरही त्यांनी विचारलं.

आपला माणूस गुलाल लावून गल्लीत आलेला असताना, मी विचारलं असतं का?