हक्कासाठी न्यायालयात जाणे हा सूड आहे काय?

पाणवठ्यावरून किंवा देवळापुढील रस्त्यावरून कोणी आपणांस हाकलून दिले, तर क्षमा करून उगे राहावे की फिर्याद करावी, असा प्रश्न खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत वारंवार निघतो. कित्येक सज्जन म्हणतात की, कज्जा करणे म्हणजे सूड उगविणे होय. या म्हणण्याचा आपण शांतपणे विचार करू.

मुंबई कायदे कौन्सिलाने 1923 साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत असा ठराव केला, आणि महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केले. तरी त्या पाण्यास हात लावण्याची सोय नव्हती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सोबती तेथे पाणी प्याले, तेव्हा त्यांच्या लोकांस मार खावा लागला. पुढे डिसेंबरात न्यायालयाची पायरी प्रथम चढले ते स्पृश्य पुढारीच. या तळ्यावर आमचाच हक्क आहे, ही पुरातन वहिवाट आहे, असे ते म्हणाले व त्यांनी तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. त्याच महिन्यात हजारो लोक महाडास जमले असताही डॉ. आंबेडकरांनी हुकूम मानून सत्याग्रह तहकूब केला, आणि दावा नेटाने लढविला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की, अशी अनादि वहिवाट सिद्ध झाली नाही.

पाहा, या दहा वर्षांच्या दाव्याने कोणाचे डोके फुटले नाही, कोणाचे घर जळले नाही. न्यायालयाने एवढेच विचारले की, तुमच्या म्हणण्यास पुरावा काय? गावात जो प्रश्न विचारण्याची कोणाची छाती नव्हती, तो तेथे विचारला गेला आणि रूढीस उत्तर देता आले नाही. सूड घेणारा आपणच न्यायाधीश होतो; दावा लढविणारा मात्र आपले म्हणणेही दुसऱ्याच्या तराजूत घालतो.

आणि क्षमेविषयी म्हणाल, तर मला झालेल्या इजेची क्षमा मी करावी हे खरे. पण उद्या त्याच विहिरीवरून शेजाऱ्याच्या मुलीस हाकलतील, त्याची क्षमा मी कोणत्या अधिकाराने करावी? फिलिप्पै येथे पौलाने बंदिशाळेच्या नायकाचे कल्याणच केले. तरी रोमी नागरिकास चौकशीवाचून फटके मारल्याबद्दल अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावे, असा आग्रह त्याने धरला. प्रीती व न्याय यांचे वैर नाही.

आज अस्पृश्यतेच्या कारणाने पाणवठा बंद करणे हा 1955 च्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु कायदा स्वतः बोलत नाही, साक्षीदार बोलतो. आपल्याच जिल्ह्यातील खर्डा येथे एप्रिल 2014 मध्ये एका दलित मुलाचा खून झाला. खटल्यात अनेक साक्षीदार उलटले, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. तेव्हा बंधुभगिनींनो, फिर्याद करावी की नाही एवढेच विचारून थांबू नका. शेजाऱ्याने फिर्याद केली, तर जे डोळ्यांनी पाहिले ते शपथेवर सांगावयास मी उभा राहीन काय, हेही प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे.