श्वासाला सोबत

लढाई संपली की दोन सरकारे तहावर सह्या करतात आणि शिपाई घरी परततो. पण त्याच्या छातीत शिरलेल्या धडधडीला तहाची वार्ता कोण सांगणार? पहिल्या महायुद्धात, 1915 साली, चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टराने ‘शेल शॉक’ हे या व्याधीचे नाव प्रथम वैद्यकीय नियतकालिकात छापले. 1980 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आघातानंतरच्या मनोविकाराला रीतसर स्थान दिले. नावे बदलली, मध्यरात्री दचकून उठणे काही बदलले नाही.

आमच्या दिग्रसला हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आमच्या आळीत एक निवृत्त सुभेदार राहतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सुतळी बाँब फुटला, की हा धिप्पाड माणूस भिंतीला पाठ लावून उभा राहतो आणि कपाळावरचा घाम पुसतो. एकदा एका तरुणाने मोठ्या हौसेने विचारले, “काका, लढाईत काय काय पाहिलं, सांगा ना!” सुभेदार म्हणाले, “थे राहू दे बापू. खंजिरी आन.” आणि भजनाला बसले.

खंजिरी आणि शिपाई यांचे नाते आमच्या वऱ्हाडाला नवे नाही. 1962 च्या चीन-युद्धात आणि 1965 च्या पाकिस्तान-युद्धात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज सीमेवर गेले होते आणि जवानांपुढे त्यांनी भजने म्हटली होती. तेव्हा ती गाणी लढणाऱ्याला धीर देण्यासाठी होती. लढून आलेल्यालाही त्यांची तितकीच गरज असते, हे आमच्या ध्यानात उशिरा आले.

गाण्यात असे असते तरी काय? कोणतीही ओळ म्हणून पाहा. श्वास झटकन घ्यावा लागतो आणि सावकाश सोडावा लागतो. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती मंदावते. प्राणायामाचे मर्म हेच. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून ते प्रयोगशाळेत तपासायला घेतले. 2001 मध्ये बर्नार्डी या इटालियन डॉक्टराने 23 निरोगी माणसांकडून लॅटिन जपमाळ आणि बौद्ध मंत्र म्हणवून घेतले. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे 6 वर आला. अमेरिकेत इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या 21 सैनिकांवर आठवडाभर श्वसनाभ्यासाचा प्रयोग झाला. 2014 साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. अभ्यास करणाऱ्यांची आघाताची लक्षणे आणि चिंता कमी झाली होती, आणि वर्षानंतरही गुण टिकला होता. 21 ही संख्या लहान आहे. डॉक्टरांचे औषध सोडून टाळ घ्यावा, असे कुणी त्यावरून समजू नये.

पण माझ्या मनातली खरी शंका निराळी आहे. ज्याने आमच्यासाठी भयंकर ते पाहिले, त्याला ‘दीर्घ श्वास घ्या’ असे सांगणे म्हणजे त्याला गप्प बसवणे तर नव्हे? दुःखाचे कारण आमच्या सर्वांचे, आणि उपाय मात्र त्याने एकट्याने आपल्या नाकपुड्यांत शोधावा, हा कुठला न्याय?

या शंकेचे उत्तर मला भजनातच सापडले. बुवा ओळ म्हणतात आणि थांबतात. तेवढ्यात मंडळी पालुपद उचलतात. त्या अवधीत बुवांना श्वास घ्यायला सवड मिळते. मंडळींनी पालुपद उचललेच नाही, तर कितीही तालीम केलेला गळा असो, तो दमणारच. म्हणजे श्वासावरचा ताबा ही एकट्याची कमाई नाही. त्यात शेजाऱ्यांचा वाटा असतो.

समाजाचे कर्तव्य मला एवढेच दिसते. त्याने सांगितले तर ऐकावे, न सांगितले तर कुरेदू नये, त्याच्या पेन्शनच्या कागदासाठी चार खेटे आपण घालावेत आणि तो गाऊ लागला की सूर धरावा. वाचकहो, तुमच्याही आळीत असे कुणी असेल. यंदा बाँब लावण्यापूर्वी मुलांना त्यांच्या दारी पाठवून, “काका, आता वाजवतो हं,” एवढे सांगायला लावा. आवाज येणार हे आधी कळले, की पुष्कळदा छाती सावरते. आणि फराळाचे ताट देऊन लगेच परतू नका, घटकाभर बसा.