मठाचं माप

फळ्यावर मी ३/८ + २/८ लिहिलं आणि खडू पुढे केला. पाचवीतला एक पोरगा उठला, त्याने सुबक अक्षरात ५/१६ लिहिलं आणि हात झटकत जागेवर जाऊन बसला. साक्री तालुक्यातली शाळा, माझ्या नोकरीचं तिसरं वर्ष. मी लगेच काट मारली आणि नियम सांगितला, ‘छेद समान असेल तर तो तसाच ठेवायचा, फक्त अंशांची बेरीज करायची.’ मुलांनी नियम पाठ केला. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या निम्म्यांनी पुन्हा छेदांची बेरीज केली.

पुढे कळलं की चूक त्यांच्यापेक्षा माझ्या वाचण्यात होती. ‘तीन छेद आठ’ असं मी वाचत होतो. कानावर दोन आकडे पडले की पोरं दोन्ही आकडे मिळवणारच. ‘तीन अष्टमांश’ म्हटलं की आठ हा आकडा उरत नाही, ते तुकड्याचं नाव होतं. तीन अष्टमांश आणि दोन अष्टमांश मिळून पाच अष्टमांश, जशा तीन केळी आणि दोन केळी मिळून पाच केळी. मग मी डब्यातली कळण्याची भाकरी काढली आणि तिचे आठ तुकडे केले. ‘आधी तीन खाल्ले, मग दोन. तुझ्या उत्तराप्रमाणे पोटात किती गेलं?’ ५/१६ म्हणजे तीन अष्टमांशांहूनही कमी, कारण ३/८ म्हणजेच ६/१६. खाल्ल्यावर पोट रिकामं होत गेलं, असा त्याचा अर्थ. वर्ग हसला. तोही हसला.

माझ्या आजीला अपूर्णांक शिकवावे लागले नव्हते. रुपयाचे सोळा आणे, त्यामुळे पाच आणे आणि सहा आणे अकरा आणेच होत. छेदाची सोळा ही संख्या ‘आणा’ या शब्दात मुरलेली होती. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि बाजारातून आणे हळूहळू गेले. बोलण्यातून मात्र अजून गेलेले नाहीत. सरकार पिकाची पैसेवारी जाहीर करतं, पण कपाशी हातची गेली की पारावर ‘औंदा आणेवारी किती लागली?’ असंच विचारतात.

माप एक नसेल तर काय होतं, ते मी स्वतः केलेल्या हिशोबात पाहिलं. घरच्या वाटणीच्या वेळी दोन तुकड्यांची बेरीज माझ्याकडे आली. कागदावर २.३० आणि १.२० होतं, म्हणजे दोन एकर तीस गुंठे आणि एक एकर वीस गुंठे. मी कॅल्क्युलेटरवर मिळवलं, ३.५० आलं, आणि ‘साडेतीन एकर’ लिहून मोकळा झालो. नानांनी चष्मा पुसत विचारलं, ‘मास्तर, एकराचे गुंठे किती?’ चाळीस. म्हणजे पन्नास गुंठ्यांतला एक एकर वर जायला हवा होता. खरी बेरीज चार एकर दहा गुंठे. पाऊण एकर जमीन मी एका टिंबात गडप केली होती. (त्या दिवसापासून घरात कुणी मला हिशोब दिला नाही, हा त्यातला फायदा.)

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला मी अनेकदा सहली नेल्या. तिथला शिलालेख नंतर वाचला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला १२०७ साली दिलेल्या दानांची ती नोंद आहे. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे: जितके घाणे चालतील तितक्यांमागे मठाला पळी पळी तेल. मला त्याच्यापुढचं कलम जास्त आवडतं. इथे जे मोजायचं ते मठाच्याच मापाने मोजावं, आणि मापाईचा निम्मा भाग मठाला, निम्मा मापाऱ्याला. बाजारातल्या प्रत्येकाचं माप निराळं असतं तर मठाचा वाटा काढता काढता भांडणंच झाली असती. ज्या मठात ‘लीलावती’ शिकवायची, त्याच्या दानपत्रात समच्छेदाची अट असावी, हे मला फार गोड वाटतं.

त्या ‘लीलावती’त, ११५० च्या सुमाराला, भास्कराचार्यांनी छेद समान असलेल्या अंशांची बेरीज-वजाबाकी एका दमात सांगितली आहे, आणि जोडीला एक बारीक गोष्ट: ज्या संख्येला छेद नाही, तिचा छेद एक मानावा. सुरुवातीला हे मला उगाच सांगितल्यासारखं वाटलं. मग एकदा वर्गात ‘एक वजा तीन अष्टमांश’ दिलं. सगळे अडकले. एकाला छेदच नाही, तीन कशातून काढायचे?

मागच्या बाकावरून तोच पोरगा ओरडला, ‘गुरुजी, आधी भाकर तं मोडा!’